खेकड्याच्या माहेरी नऊ दिवस

बाबा १९६७ साली कल्याणच्या लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागले. पुढे असिस्टंट झाले, मग ड्रायव्हर. नोकरीची कितीतरी वर्षं त्यांनी कर्जत-लोणावळा घाटात काढली. तेव्हा घाटात एक जुनं इंजिन चालायचं. पुढे-मागे दोन लांब नाकाडं, मधोमध केबिन, आणि चाकांना जोडणारे दांडे बाहेरून उघडे दिसणारे. ते दांडे असे काही हलायचे की शेडमधल्या माणसांनी त्याचं नावच 'खेकडा' ठेवलं. जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या आधीच्या रेल्वे कंपनीनं, १९२८पासून ही इंजिनं आणली. काही विंटरथूरला बांधलेली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. विंटरथूर हा शब्द मी पाठ्यपुस्तकाआधी बाबांच्या तोंडून ऐकला. ते गाव स्वित्झर्लंडात आहे, हे पुष्कळ उशिरा कळलं.

बाबा आता ७९ वर्षांचे आहेत. गेल्या जूनमध्ये त्यांना घेऊन नऊ दिवस स्वित्झर्लंडला गेले. दोघंच. टूरबरोबर गेलो असतो तर बसनंच हिंडलो असतो, आणि बाबांना रूळ हवे होते. रेल्वे, बस आणि बोटी सगळ्यांना चालणारा पास काढला, पाठीवर एकेक सॅक घेतली, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरली आणि निघालो.

पहिला दिवस : माँत्रू आणि शियाँचा किल्ला

जिनिव्हाला उतरून तळ्याच्या काठाकाठानं माँत्रूला आलो. खोलीवर सामान टाकलं आणि थेट शियाँला गेलो. किल्ला काठालगतच्या खडकावर उभा आहे. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला खंदक आणि त्यावर पूल. ही जागा साव्हॉयच्या सरदारांची. इटलीकडे जाणारी वाट डोंगर आणि तळ्याच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून जाते आणि त्या पट्टीवर हा किल्ला बसलाय. जो जाईल तो यांच्या नजरेखालून जाणार, जकात देऊन जाणार.

तळघरात बोनिव्हार नावाच्या माणसाला ठेवलं होतं. साव्हॉयच्या सत्तेविरुद्ध तो जिनिव्हाच्या बाजूनं उभा राहिला म्हणून १५३०मध्ये त्याला आणलं आणि १५३६मध्ये बर्नच्या फौजेनं किल्ला घेतला तेव्हा तो सुटला. त्यातली शेवटची चार वर्षं तळघरात, खांबाला साखळदंड. तळघराच्या कमानी मात्र देवळाच्या सभामंडपासारख्या सुंदर आहेत, आणि झरोक्यातून येणारा तळ्याचा उजेड छतावर हलत राहतो. एका खांबावर बायरन या इंग्रज कवीचं नाव कोरलेलं आहे. तो १८१६मध्ये इथे आला होता आणि त्यानं या कैद्यावर कविता लिहिली. मी खांबाच्या बुडाशी दगडात अडकवलेल्या कडीपाशी बराच वेळ उभी राहिले. माणसाला बांधण्याची जागा एवढी देखणी असावी, हे मला सहन होईना.

बाबा बाहेर गेले होते. किल्ल्याच्या पाठीमागून, अगदी हाताच्या अंतरावरून, रेल्वे जाते. ते खंदकाच्या पुलावर उभे राहून गाड्या मोजत होते. "जुन्या काळी जकात, आता रूळ. वाट तीच आहे बघ," म्हणाले. बरोबर होतं ते. पुढचे आठ दिवस हेच पाहायचं होतं: डोंगर वाट देतो कुठे, आणि ती वाट कोण धरतं.

दुसरा दिवस : रुंदी बदलणारी गाडी

माँत्रूहून इंटरलाकेनला जाणारी गोल्डनपास एक्स्प्रेस. डिसेंबर २०२२पर्यंत हा प्रवास एका गाडीत होत नव्हता. माँत्रूकडचा मार्ग मीटर गेजचा, म्हणजे रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटर, आणि त्स्वायझिमेनपासून पुढचा १४३५चा. तिथे उतरायचं आणि दुसऱ्या गाडीत बसायचं.

बाबांचं बालपण कुर्डुवाडीजवळचं. बार्शी लाइटची छोटी गाडी आणि ब्रॉडगेज तिथे भेटायची, आणि हमाल एका डब्यातलं पोतं पाठीवर घेऊन दुसऱ्यात टाकायचे. दिवसभर. ते दृश्य त्यांच्या डोळ्यांत अजून आहे, त्यामुळे त्स्वायझिमेन जवळ आलं तसे ते सरसावून बसले.

होतं ते असं. इंजिन बदलतात. डबे मात्र तेच राहतात. दोन्ही बाजूंची चाकं नेहमीसारखी एका आसाला जखडलेली नाहीत. गाडी अगदी सावकाश एका खास पट्ट्यावरून सरकते, बोगीचा भार बाजूच्या आधारावर जातो, चाकं मोकळी होतात, हवी तेवढी आत-बाहेर सरकतात आणि पुन्हा पक्की बसतात. पुढच्या स्टेशनांचे फलाट उंच, म्हणून डब्याचं अंगही वर उचललं जातं. आत बसलेल्यांना पायाखाली हलकीशी थरथर जाणवते, बाकी काही नाही. समोरची बाई पुस्तकातून मान वर न काढता वाचत होती. बाबांनी खिडकीच्या काचेला कपाळ टेकवलं होतं. गाडी पुढे निघाल्यावर म्हणाले, "पोती वाचली." एवढंच.

पुढे श्पीत्सला तळ्याच्या काठी द्राक्षमळ्यांमध्ये उभा असलेला किल्ला गाडीतूनच पाहिला. मुक्काम लाउटरब्रुनेनला. खोलीच्या खिडकीतून श्टाउबाखचा धबधबा दिसत होता. जवळजवळ ३०० मीटर उंचीवरून पाणी सुटतं आणि खाली पोचेपर्यंत त्याचा धुरळा होतो. नाणेघाटाच्या कड्यावर पावसाळ्यात वाऱ्यानं उलटं उडणारं पाणी मी पाहिलंय. ते राकट असतं. हे अगदी मऊ, पीठ चाळावं तसं.

तिसरा दिवस : युंगफ्राउयोख

पास असला तरी इथे वरचं तिकीट वेगळं काढावं लागतं, पासवर सवलत मिळते. महाग आहे. तरी आकाश स्वच्छ असेल तरच जा, आणि सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी एक धरा. आम्ही केबल कारची जवळची वाट सोडून रुळांची वाट घेतली: लाउटरब्रुनेन, वेंगेन, क्लाइने शाइडेग. तिथे गाडी बदलून दुसरी दातेरी रुळाची गाडी.

या रेल्वेची कल्पना आडोल्फ गुयर-त्सेलर या उद्योगपतीला १८९३मध्ये सुचली. १८९६मध्ये काम सुरू झालं, १८९९मध्ये तो वारला, आणि १ ऑगस्ट १९१२ला गाडी वर पोचली. सोळा वर्षं. आयगर आणि म्योन्श या दोन डोंगरांच्या पोटातून सुमारे ७ किलोमीटरचा बोगदा. खोदणारे बहुतेक इटलीहून आलेले मजूर.

बाबांना आकडे पाहिजे होते. चढण जास्तीत जास्त एकास चार, म्हणजे चार मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आपला घाट एकास सदतीस. त्यांनी डोक्यावरच्या तारांकडे बोट दाखवलं. एक नाही, दोन तारा. थ्री फेज करंट, दोन तारांतून आणि तिसरा रुळातून. अशा रेल्वे जगात मोजक्याच उरल्यात. उतरताना मोटर वीज बनवून परत तारेत पाठवते, म्हणजे उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हात देते.

वाटेत ३१६० मीटरवर आइसमेअर नावाचं स्टेशन डोंगराच्या आतच आहे. गाडी थोडी थांबते, कड्यात खोदलेल्या खिडकीतून हिमनदीच्या भेगा दिसतात. निळ्या. बर्फ पांढरं असतं एवढंच मला ठाऊक होतं.

वर, ३४५४ मीटरवर, बाबांना गरगरलं. घाबरले मी. बाकावर बसवलं, घोटघोट पाणी दिलं, पंधरा-वीस मिनिटं त्यांचा हात धरून बसले. मग रंग परत आला. तुम्ही वडीलधाऱ्यांना घेऊन जात असाल तर वर पोचल्यावर घाई करू नका, जिने तर मुळीच भराभरा चढू नका. नंतर बाहेर आलो आणि समोर 'आलेच' नावाची हिमनदी. आल्प्समधली सगळ्यांत लांब, वीसेक किलोमीटरची. डोंगरांच्या मधून वळत जाणारा बर्फाचा महामार्ग, त्यावर मधोमध काळ्या मातीच्या समांतर रेघा. बाबा म्हणाले, "डबल लाइन."

चौथा आणि पाचवा दिवस

चौथ्या दिवशी पाऊस. म्हणून ट्रुमेलबाख, आणि पावसातच ते पाहावं असं मला आता वाटतं. आयगर, म्योन्श आणि युंगफ्राऊ या तिघांच्या हिमनद्यांचं पाणी डोंगराच्या पोटातून दहा धबधब्यांनी खाली येतं, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. लिफ्टनं खडकाच्या आत जायचं आणि मग पायऱ्यांनी. बोललेलं ऐकू येत नाही. कठड्याला हात लावला की तो थरथरतो. पाण्यानं खडक आतून असा घासलाय की जात्याच्या पाळीची आठवण यावी.

पाचवा दिवस सगळा प्रवासात गेला. इंटरलाकेन, लुत्सर्न, त्स्युरिख, कूर. लुत्सर्नला जुन्या लाकडी पुलावर अर्धा तास, बाकी खिडकी.

सहावा दिवस : बर्ग्युन

याच दिवसासाठी आम्ही आलो होतो.

कूरहून लाल गाडी निघते. हा रेशियन रेल्वेचा आल्बुला मार्ग, १९०३-०४मध्ये पुरा झालेला. २००८मध्ये युनेस्कोनं तो आणि पुढचा बर्निना मार्ग जागतिक वारशात घेतले, ज्या वर्षी आपली कालका-सिमला घेतली त्याच वर्षी. काचेच्या छताची खास पर्यटक गाडी असते, तिला वेगळं आरक्षण लागतं. आम्ही साधी प्रवासी गाडी घेतली आणि कुणालाही तेच सांगेन. जुन्या डब्यांच्या खिडक्या उघडतात, वारा लागतो, रुळाचा आवाज येतो, आणि मधल्या गावी उतरून पुढच्या गाडीनं जाता येतं. कूरहून निघताना उजवीकडे बसा.

राइखेनाउनंतर ऱ्हाइनच्या दरीत दर वळणाला एखादा बुरूज, एखादी गढी. कुठे माणसं राहतात, कुठे नुसत्या भिंती. बाबांना त्यात फार रस नव्हता. ते लांडवासर पुलाची वाट पाहत होते. फिलिझूरच्या आधी गाडी वळू लागते, आणि खिडकीतून स्वतःच्याच गाडीचं इंजिन पुढे दिसतं. मग कळतं की आपण हवेत आहोत. ६५ मीटर उंच, १३६ मीटर लांब, १०० मीटर त्रिज्येचं वळण. दगडी खांब बांधताना बाहेरून परांची उभी केली नव्हती. खांबाच्या पोटात लोखंडी मनोरा उभारला, त्यावरच्या यारीनं दगड उचलत गेले आणि मनोरा तसाच आत ठेवून बांधकाम वर गेलं. पूल संपतो तिथे मातीही नाही, सरळ उभा कडा आणि त्यात बोगद्याचं तोंड. पुलावरून थेट डोंगरात.

बर्ग्युन हे चारदोन गल्ल्यांचं गाव. घरांच्या भिंतींवर खरवडून काढलेली नक्षी. स्टेशनाशेजारी रेल्वे संग्रहालय आहे, आणि त्याच्या समोर, उघड्यावर, ते उभं होतं.

तपकिरी रंग. पुढे-मागे लांब नाकाडं, मध्ये केबिन, बाहेर दांडे. इथे त्याला 'मगर' म्हणतात. हे रेशियन रेल्वेचं, मीटर गेजचं, विंटरथूरच्या कारखान्यातलं, १९२१पासून आलेल्या मालिकेतलं. आपला खेकडा ब्रॉडगेजचा, आकारानं केवढा तरी मोठा, वीजही वेगळी. पण घराणं तेच. वळणाचा घाट आणि मोठा भार या दोन्हींसाठी एकच तोडगा: लांब इंजिन तीन तुकड्यांत करायचं, दोन नाकाडं आपापल्या चाकांबरोबर वळतात, केबिन मध्ये बसते.

बाबा काही बोलले नाहीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, मग पलीकडून परत. दांड्याला जिथे पिन बसते तिथे त्यांनी तळहात ठेवला. थंडगार होतं लोखंड, सकाळचं दव अजून वाळलं नव्हतं. "इथे तेल घालायचो," म्हणाले. "हात इथून आत घालायचा, कोपर असं वळवायचं. दर फेरीला." आणि त्यांनी तो हात तसाच वळवून दाखवला. ७९ वर्षांच्या माणसाचं कोपर, गेली कित्येक वर्षं शर्टाचं वरचं बटण लावताना दुखणारं, बरोबर त्या कोनात वळलं.

केबिनमध्ये सिम्युलेटर आहे. पडद्यावर आल्बुलाचा मार्ग दिसतो आणि आपण गाडी चालवायची. बाबांची पाळी आली तेव्हा सांभाळणाऱ्या मुलानं इंग्रजीत समजावायला सुरुवात केली. मी म्हटलं, हे घाटात अशीच इंजिनं चालवायचे, मुंबईजवळ. त्यानं बाबांकडे पाहिलं, खुर्ची मागे ओढून दिली आणि पुढे एकही सूचना केली नाही. बाबांनी गाडी उतारावर धरली. वेगाचा काटा हलला नाही. चढवणं कुणालाही जमतं, घाटात उतरवणारा तो ड्रायव्हर, हे वाक्य आमच्या घरात मी शंभरदा ऐकलंय. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी कळलं की ऑक्टोबर २०२२मध्ये याच मार्गावर १०० डब्यांची, जवळजवळ १.९ किलोमीटर लांबीची प्रवासी गाडी प्रेडाहून खाली उतरवली होती. २५ गाड्या एकाला एक जोडून, सात ड्रायव्हर. जागतिक विक्रम. बाबांना झोप येईना. "सातही जणांनी एकदम ब्रेक धरला कसा असेल?" अंथरुणात पडल्या पडल्या विचारत होते.

सातवा दिवस : बर्निना

बर्ग्युन ते प्रेडा उंचीचा फरक ४०० मीटरच्या वर, म्हणून रूळ डोंगरात गोल गोल फिरवलेत. एकदा खाली दिसलेलं गाव पुन्हा उलट्या खिडकीत येतं. त्यापुढे आल्बुलाचा बोगदा. जुना शेजारीच आहे, जून २०२४पासून गाड्या नव्या बोगद्यातून जातात.

पोंत्रेझिनानंतर मोर्तेराचला उतरलो. हिमनदीकडे जाणाऱ्या पायवाटेवर पाट्या आहेत, प्रत्येकीवर एक साल. त्या साली बर्फ इथपर्यंत होतं. स्टेशनाजवळ जुनी सालं, मग चालत राहायचं आणि सालं पुढे पुढे येत जातात. बर्फ दोन किलोमीटरहून जास्त मागे गेलंय. बाबा ज्या दशकात जन्मले तिथवर आम्ही गेलो. तिथे आता खडी, झुडपं, जांभळी रानफुलं. मी पुढे एकटी गेले नाही. आपल्या वडिलांच्या वयाएवढ्या काळात एवढं वितळलं, एवढं कळलं तरी पुरे होतं.

बर्निना मार्ग १९१०चा. दातेरी रूळ नाही, तरी चढण एकास चौदा. वीज डीसी, १००० व्होल्ट. मुंबईची पूर्वीची डीसी १५००. "आपल्याच जातीची," असं बाबांनी लगेच नातं जोडलं. ओस्पिझिओ बर्निना २२५३ मीटरवर, या मार्गाचं सर्वांत उंच ठिकाण. जूनमध्येही रुळालगत बर्फाचे ढीग. इथे शेजारीशेजारी दोन तळी आहेत, एक काळसर, एक दुधाळ. काळ्याचं पाणी इन आणि डॅन्यूब नद्यांमधून काळ्या समुद्राला जातं, पांढऱ्याचं पो नदीतून एड्रियाटिकला. लोणावळ्याच्या माथ्यावर पडणारा पाऊस असाच वाटला जातो, थोडा कोकणात, बाकीचा पार बंगालच्या उपसागरात.

तिथून उतार. आल्प ग्र्यूमला समोर पालूची हिमनदी आणि खाली हिरवी पोस्कियावो दरी. ब्रुझिओला गाडी नऊ कमानींच्या गोल पुलावरून वळते आणि त्याच पुलाच्या एका कमानीखालून बाहेर पडते. जागा कमी, उतार जास्त, म्हणून उघड्या शेतात घातलेला हा फेरा. मधे शेतकरी गवत कापत होता. शेवटी तिरानो, इटलीत, ४२९ मीटरवर. रूळ गावाच्या रस्त्यातूनच जातात, देवळाच्या दारावरून. बर्फातून निघालो होतो आणि संध्याकाळी घामानं शर्ट भिजले होते.

आठवा दिवस : बेलिंझोना

तिरानोहून बसनं लुगानो, मग बेलिंझोना. तीन किल्ले एकाच गावात: कास्तेलग्रांदे, मोंतेबेल्लो, सास्सो कोर्बारो. मिलानच्या ड्यूकांनी गोथार्ड खिंडीकडून येणाऱ्या स्विस फौजांना अडवायला दरीच्या आरपार तटबंदी घातली. तिसरा किल्ला १४७९मध्ये, आदल्या वर्षी जोर्निकोच्या लढाईत हार खाल्ल्यावर, सहा महिन्यांत बांधून काढला. तटावर उभं राहिलं की खाली रूळ दिसतात. लोहगड, विसापूर, राजमाची हे आपले किल्ले बोर घाटावर असेच नजर ठेवून आहेत. राजमाची तर मंकी हिलजवळ गाडीतून दिसते. बाबांनी ती हजारो वेळा पाहिली असेल, चढले मात्र एकदाही नाहीत. ड्यूटीवर असायचे.

नववा दिवस : गोथार्ड

त्स्युरिखला लवकर पोचायचं तर २०१६मध्ये सुरू झालेला ५७ किलोमीटरचा नवा बोगदा आहे. आम्ही जुनी वाट घेतली, १८८२ची. ऐरोलोच्या स्टेशनावर बोगद्यात मेलेल्या मजुरांचं शिल्प आहे. दोन माणसं मेलेल्या सोबत्याला स्ट्रेचरवर उचलून नेताहेत. १५ किलोमीटर खोदताना दोनशेच्या आसपास माणसं गेली, कंत्राटदार लुई फाव्हरसुद्धा बोगद्यातच कोसळून मेला. आमच्या बोर घाटात, १८६३ला गाडी सुरू होईपर्यंत, हजारो मजूर कॉलऱ्यानं आणि दरडींखाली गेले. त्यांचं असं शिल्प मी घाटात कुठल्या स्टेशनावर पाहिलेलं नाही. असायला हवं. बाबा टोपी काढून खिडकीपाशी उभे होते.

बोगद्यापलीकडे उतार. वासेनचं पांढरं चर्च आधी आपल्या खाली दिसतं. डोंगरात एक फेरा, मग ते समोर येतं. आणखी एक फेरा, मग मान वर करून पाहावं लागतं. बाबा घड्याळ आणि किलोमीटरचे दगड पाहून काहीतरी मांडत होते. मग म्हणाले, "अगं, हा एकास सदतीसच्या आसपास आहे. आपल्याच घाटाचा उतार." पुढचा अर्धा तास ते शब्दही बोलले नाहीत. उजवा हात मांडीवर होता आणि प्रत्येक वळणाआधी त्याची मूठ किंचित आवळत होती.

घाट संपला आणि दरी रुंद झाली. एर्स्टफेल्ड. रूळच रूळ, बाजूला जुनी लोको शेड. वर चढणाऱ्या मालगाड्यांना इथेच जादा इंजिनं लावायचे, बँकर.

"कर्जत आलं," बाबा म्हणाले, आणि उठून दारात जाऊन उभे राहिले.